हुकूमशहा मेला की गोष्ट संपते का?

जुनी_वही: परवा इथे एकाने पिंक टाकली की हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्या म्हणजे नुसतं रडगाणं, हुकूमशहा मेला की पुस्तक संपवावं, पुढे तीसतीस वर्षं कुढणारी पात्रं ही लेखकांची हौस. डोकंच फिरलं. अहो, खरी गोष्ट तिथेच तर सुरू होते! डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो, त्याला १९६१ मध्ये गोळ्या घातल्या, पण मारिओ वार्गास योसाच्या 'फीस्ट ऑफ द गोट' कादंबरीतली उरानिया पस्तीस वर्षांनी तिथल्या राजधानीत, सांतो दोमिंगोला येते तेव्हा बापाची, म्हणजे त्रुहियोच्या सिनेटरची, वाचा गेलेली, आता जाब विचारायचा कुणाला?

करडा_कावळा: तो 'एक' म्हणजे मीच, नाव घ्या की बिनधास्त. उरानिया सिनेटरची पोर, न्यूयॉर्कला वकील. ही तुमची सामान्य माणसं? बाकीचे लोक नोकरी धरतात, पोरंबाळं वाढवतात, विसरतात. त्यांच्यावर कोण लिहिणार, त्यात ड्रामा नाही ना!

रातराणी: विसरतात?? रुमानियातून जर्मनीत गेलेली लेखिका हेर्टा म्युलर वाचलीय का? तिच्या कादंबरीत रुमानिया सोडून जर्मनीत आलेल्या बाईला जिवाभावाची मैत्रीण भेटायला येते आणि तिला पाठवलेलं असतं गुप्त पोलिसांनी. देश सुटला तरी पाळत सुटत नाही, मैत्रीच नासते.

बिनपगारी_समीक्षक: कादंबऱ्या कशाला, 'लाइव्ह्ज ऑफ अदर्स' हा जर्मन सिनेमा बघा. पाळत ठेवणारा स्टासीवालाच, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांतला माणूसच बदलतो. क्लास पिक्चर.

रातराणी: झालं, आला तो पिक्चर! बर्लिनमधल्या होहेनशॉनहाउझेनच्या, म्हणजे स्टासीच्या जुन्या तुरुंगाच्या स्मारकाच्या प्रमुखांनी तिथे शूटिंगला परवानगीच दिली नव्हती, कारण असा सज्जन स्टासीवाला झालाच नाही असं त्यांचं म्हणणं. छळणाऱ्याला हीरो करायचं आणि आपण टिश्यू घेऊन बसायचं.

बिनपगारी_समीक्षक: मग डॉक्युमेंटरी बघा ना, फिक्शनकडे पुरावे कसले मागताय? प्रत्येक सिनेमात खोट काढायचा आजार आहे काहींना.

रातराणी: आजार?? माझ्या टीममधला एक जण लाइपझिगचा, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतला. १९९२ पासून स्टासीने ठेवलेली स्वतःची फाइल बघता येते, याच्या वडिलांनी अजून अर्ज केलेला नाही, कारण खबऱ्या सख्खा भाऊ निघेल ही भीती. आणि तोच भाऊ दर वाढदिवसाला टेबलाशी बसून केक खातो, सगळे हसून बोलतात. यावर काढा म्हणावं पिक्चर, पण त्यात कुणाचं हृदयपरिवर्तन होत नाही ना, चालणार कसा.

करडा_कावळा: एका कलीगवरून अख्खा देश, वा. पण हे वाचायला आवडेल, खोटं कशाला बोलू. यात कुणी सिनेटर नाही, वकील नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच.

जुनी_वही: तुम्ही म्हणत होतात पुस्तक संपवा! आता पलटी?

करडा_कावळा: बरं, नका संपवू. पण पानं कमी करा. योसाबाबत मी मागे हटणार नाही, निम्मं पुस्तक तर हुकूमशहाचं मूत्राशय आणि मारेकऱ्यांची गाडी यातच गेलंय.

जुनी_वही: निम्मं तरी वाचलंत म्हणजे, अभिनंदन.

बिनपगारी_समीक्षक: त्या पिक्चरला ऑस्कर मिळालंय, एवढंच सांगतो.

रातराणी: ऑस्कर मिळालं म्हणून स्टासीवाले देवमाणसं झाले का?