'आय सॉ द डेव्हिल': तुम्ही कुठे पॉज केलंत? तुमचे अनुभव लिहा

पाऊलवाट

परवा रात्री 'आय सॉ द डेव्हिल' परत बघितला. पहिल्यांदा बघितला होता २०१२ ला पुण्यात हॉस्टेलवर, सहा जण एका लॅपटॉपला चिकटून, आणि तेव्हा आम्ही अक्षरशः ओरडत होतो, मार, अजून मार त्याला. ह्यावेळी घरी एकटाच होतो, बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, सातवा चालू आहे. आणि सुरुवातीचाच सीन, बर्फ पडतंय, गाडीचं चाक पंक्चर, जू-यॉन आत बसून मदतीची वाट बघतेय आणि होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर बोलतेय. हॉस्टेलवर हा भाग आम्ही चिप्सची पाकिटं फोडत काढला होता. नंतर ती त्या माणसाला सांगते ना की माझ्या पोटात बाळ आहे, तिथे माझ्याकडून पॉज झालं. उठलो, बाल्कनीत गेलो, रात्री पावणेबाराला बायकोला फोन लावला आणि ती घाबरली की काय झालं म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१० चा कोरियन सिनेमा, दिग्दर्शक किम जी-उन. ली ब्यूंग-हन हा गुप्तचर खात्यातला एजंट सू-ह्यून. त्याच्या होणाऱ्या बायकोला क्यूंग-चुल नावाचा खुनी मारतो, तो चोई मिन-सिक. सू-ह्यून दोन आठवडे रजा टाकतो आणि खुन्याला शोधून काढतो, पण मारून टाकत नाही. बडवतो, ठिकाण आणि आवाज दोन्ही कळेल अशी कॅप्सूल त्याच्या घशाखाली उतरवतो आणि सोडून देतो. मग परत पकडतो, परत मोडतो, परत सोडतो. इथून पुढे शेवटासकट सगळं लिहिलं जाणार, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून या.

मला जाणून घ्यायचंय ते एवढंच, तुम्ही कुठे थांबवलात, का, आणि परत प्ले केलात का.

निशिगंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. दवाखान्यातल्या सीनला थांबवला, जिथे सू-ह्यून त्याच्या टाचेमागची शीर कापतो. अकिलिस म्हणतो आम्ही, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी, शरीरातली सगळ्यात जाड शीर ती. माझ्याकडे ही तुटलेले पेशंट येतात, जास्त करून चाळिशीतले, रविवारी एकदम बॅडमिंटन खेळायला गेलेले. सगळे एकच गोष्ट सांगतात, मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर कोणीच नाही. मग कित्येक आठवडे पाऊल खाली वाकवून बूटात ठेवायचं, पुढे महिनोन्महिने व्यायाम, आणि इतकं करून चवड्यावर उभं राहता आलं की पेशंटच्या डोळ्यात पाणी येतं. माझ्या पण येतं.

त्यामुळे बाकी लोक रक्ताने डोळे मिटतात तिथे मी वेगळ्याच कारणाने थांबले. माझं डोकं आपोआप हिशोब करायला लागलं की आता हा किती चालू शकेल, पळू शकणार नाही, जिना चढता-उतरताना त्रास होईल. आणि मग जाणवलं की सू-ह्यून पण नेमका हाच हिशोब करतोय. आधी हात मोडतो, मग टाच, म्हणजे माणूस हिंडताफिरता राहील पण दर पावलाला दुखेल. मी जे ज्ञान पेशंटला उभं करायला वापरते तेच तो उलटं वापरतोय. ते मला फार लागलं. पाणी प्यायले आणि पूर्ण बघितला पण चोई मिन-सिकचं नंतरचं लंगडणं बघताना पाय आखडून बसले होते.

हान_नदीकाठी

मी कोरियात सुवॉनला राहतो, नऊ वर्षं झाली. मी थांबवलेली जागा सगळ्यांना विचित्र वाटेल, पहिलंच मिनिट, एकही खून व्हायच्या आधी. बर्फाळ रस्ता, आतून दिसणारी समोरची काच आणि आरशाला लावलेले चमकणारे पंख. क्यूंग-चुल काम काय करतो तर हागवॉनच्या गाडीवर ड्रायव्हर. हागवॉन म्हणजे इथले क्लास, शाळा सुटली की पोरं तिकडे जातात, गणिताचा वेगळा, इंग्रजीचा वेगळा, पियानोचा वेगळा, आणि पोरांना ने-आण करणाऱ्या पिवळ्या गाड्या संध्याकाळी प्रत्येक अपार्टमेंटच्या गेटवर उभ्या असतात. माझी मुलगी आठ वर्षांची, रोज अशाच गाडीतून जाते, ड्रायव्हर आजोबा तिला नावाने हाक मारतात. आपल्याकडे रिक्षावाल्या काकांवर जसा घराचा विश्वास असतो तसाच. दिग्दर्शकाने सैतान ठेवला तो नेमका त्या सीटवर. मुलीला शेजारच्या खोलीत झोपलेली बघून आलो आणि मग पुढे बघितला.

इथलं थोडं सांगतो कारण त्याने सिनेमा जास्त कळतो. कोरियन भाषेत सुडाला बोक्सू म्हणतात, आणि त्यावर इथे इतके सिनेमे का निघतात हे मी ऑफिसमध्ये बऱ्याच जणांना विचारलं. एका सीनियरने मला फाशीबद्दल सांगितलं. इथे कायद्यात फाशी आहे, कोर्ट सुनावतं पण, पण १९९७ च्या डिसेंबरनंतर एकालाही दिलेली नाही. सोलमध्ये वीस खून केलेला माणूस २००४ ला पकडला, फाशी सुनावली, तो अजून तुरुंगात आहे. फाशी व्हावी की नको हा मोठा वाद आहे आणि मी स्वतः नको ह्या बाजूचा आहे, पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या मनात हे कुठेतरी उघडं राहतं आणि पडद्यावर येतं असं त्याचं म्हणणं होतं, मला ते पटलं.

अजून एक, हा सिनेमा इथल्या थिएटरात पण तसाच्या तसा लागला नव्हता. रेटिंग बोर्डाने दोनदा असं रेटिंग दिलं की तो साध्या थिएटरात दाखवताच येणार नाही, मग काटछाट करून ऑगस्ट २०१० मध्ये आला.

शेवंता_नव्हे_शेवंती

मी थांबवला तो परत लावला नाही. नर्सचा सीन. एवढंच.

मृद्गंध

शेवंती, मी पण तिथेच थांबवला होता पण दोन दिवसांनी लावला, आणि मला ह्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय कारण इथे सगळे सू-ह्यूनबद्दलच बोलतायत.

बायका मोजा ह्या सिनेमातल्या. जू-यॉन मरते. मग शाळकरी मुलगी, मग नर्स, मग जू-यॉनची बहीण से-यॉन. ह्यातल्या शाळकरी मुलीला आणि नर्सला सू-ह्यून वाचवतो खरा पण कधी, तर तो माणूस त्यांच्यापर्यंत पोचल्यावर. आणि नर्सपर्यंत तो पोचतो कारण सू-ह्यूनने त्याला मोकळा सोडलाय! पहिल्याच रात्री पोलिसांना बोलावलं असतं तर ती नर्स घरी गेली असती, ड्युटी संपवून, डबा रिकामा करून. ह्याच्या खेळात ती कोण होती? तिला कोणी विचारलं का? मला राग सिनेमाचा आला की सू-ह्यूनचा हे ठरवायलाच दोन दिवस लागले. शेवटी मी ह्या मताला आले की दिग्दर्शकाला हे माहीत आहे, आपल्याला तो राग यावा असंच त्याला हवंय, पण कॅमेरा त्या बायकांच्या भीतीवर गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो, ही माझी तक्रार मी मागे घेणार नाही.

पार्क चान-वूकचा 'लेडी व्हेंजन्स' बघा, २००५ चा. तिथे पण चोई मिन-सिकच खुनी आहे, लहान मुलांना मारणारा मास्तर. तेरा वर्षं तुरुंगात काढलेली ग्यूम-जा त्याला पकडते आणि मेलेल्या मुलांच्या आईवडिलांना एका बंद पडलेल्या शाळेत जमवते. ते सगळे बाकांवर बसून ठरवतात काय करायचं ते, आणि मग प्लास्टिकचे रेनकोट घालून आपापल्या नंबरची वाट बघत बसतात. पडद्यावर मारहाण जवळजवळ दिसतच नाही, ती बसलेली माणसं दिसतात. एक आजी आहे त्यात, ती माझ्या डोक्यातून आजही जात नाही. सूड किती जड असतो ते मला तिथे समजलं.

तिसरी_घंटा

मी थांबवला टॅक्सीत, पण भीतीने नाही. आधीच दोन माणसं बसलेल्या टॅक्सीत क्यूंग-चुल लिफ्ट घेऊन बसतो आणि मग आतल्या आत जे होतं तेव्हा कॅमेरा तिघांच्या भोवती गरागरा फिरत राहतो. मी नाटकाची लाइट्स करतो, मला पहिला प्रश्न हाच पडला की कॅमेरा फिरायला एवढ्याशा गाडीत जागा कुठून आणली. अकरा वेळा मागे नेऊन बघितला. अकराव्यांदा लक्षात आलं की आपण दोन माणसं मरताना अकरा वेळा बघितली आणि एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. बंद केला, दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून लावला.

आणि एक आठवण नोंदवायचीच आहे. त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१० मध्ये, कोरियात 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' आला, त्याचा हिंदी रिमेक 'रॉकी हँडसम' २०१६ ला केला आपल्या निशिकांत कामतने. गोव्यात आणली ती गोष्ट, आणि व्हिलन तो स्वतःच झाला. रिमेक मूळ सिनेमाच्या जवळपास पण जात नाही हे मान्य, पण मला त्याचं ह्या गोष्टीकडे वळणं अगदी समजतं. 'डोंबिवली फास्ट' आठवा, २००५. माधव आपटे कोणाचा सूड घेत होता? कोणा एकाचा नाही, रोज थोडं थोडं गिळलेल्या सगळ्याचा. बॅट घेऊन निघालेला बँकेतला माणूस. कोरियन सिनेमातला राग मला कधी परका वाटला नाही तो माधव आपटेमुळे. निशिकांत २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला, पन्नाशीचा होता फक्त. खूप सिनेमे राहून गेले त्याचे.

पाऊलवाट

घंटा, माधव आपटे एकदम बरोबर. मृद्गंध, तुमचं वाचून परत विचार करतोय, आम्ही सहा जण ओरडत होतो तेव्हा नर्स आम्हाला दिसलीच नव्हती.

आडवाटेचा

लिहू की नको करत चार दिवस गेले. लिहितो.

माझा धाकटा भाऊ २०१७ ला गेला. रात्री कामावरून येत होता बाइकवर, एका गाडीने उडवलं आणि थांबली पण नाही. गाडी सापडली, चालवणारा सापडला, जामिनावर सुटला, आणि मग तारखा. मी प्रत्येक तारखेला जायचो. तो माणूस कोर्टाच्या बाहेर टपरीवर चहा प्यायचा, बिस्किट बुडवून, आणि मला ते बिस्किट बुडवणं सहन व्हायचं नाही. त्याचं घर मी शोधून काढलं होतं. तीन वेळा त्या गल्लीत जाऊन आलो, नुसता उभा राहिलो समोरच्या दुकानापाशी. काय करणार होतो मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. घरी सांगायचो ओव्हरटाइम आहे.

त्या दिवसात एका मित्राकडे हा सिनेमा लागला होता. मी सूड बघायला बसलो होतो, मला तो हवाच होता. थांबवला कुठे सांगतो, से-यॉनच्या फोनला. मेहुणी त्याला सांगते की आता पुरे, ताई ह्याने परत येणार नाही. तो ऐकत नाही. आणि नंतर क्यूंग-चुल पोट साफ करायचं औषध घेऊन ती कॅप्सूल बाहेर काढतो आणि सरळ तिच्याच घरी पोचतो, सासऱ्यांना ठेचतो, तिला मारतो. मी रिमोट घेतला आणि थांबवलं, मित्राला म्हटलं बाथरूमला जातो. माझी वहिनी, म्हणजे भावाची बायको, तिने मला आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, भाऊजी तुम्ही संध्याकाळी जाता कुठे? तिला कळलं होतं. तिच्या आवाजात तेच होतं जे से-यॉनच्या फोनमध्ये होतं, आणि मी पण ऐकलं नव्हतं.

त्या गल्लीत परत गेलो नाही. सिनेमामुळे की वहिनीमुळे ते सांगता येणार नाही, राग गेला असं अजिबात नाही. केस अजून चालू आहे. पुतण्या पाचवीत आहे, त्याला सायकल शिकवतोय सध्या, रस्त्यावर नाही, मैदानात.

निशिगंध

आडवाटेचा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

पाऊलवाट

दादा, दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही. तारखेला सोबत कोणी हवं असेल तर मेसेज करा, कुठलंही गाव असू दे.

कोकणकडा

माझे वडील पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, बत्तीस वर्षं नोकरी. सबटायटल वाचायला त्यांना जमत नाही म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो, आणि रक्तारक्तीला ते काही बोलले नाहीत, त्यांनी खरं बघितलंय. जू-यॉनचं कापलेलं डोकं ठेवलेला खोका गर्दीत हातातून निसटतो तेव्हा फक्त म्हणाले, बंदोबस्त नीट लावला नाही.

पण शेवटाकडे क्यूंग-चुल पोलिसांना शरण यायला निघतो. रस्त्यात एवढे पोलीस उभे, हा हात वर करून चालत येतोय, आणि सू-ह्यून भरधाव गाडी घालून सगळ्यांसमोर त्याला उचलून नेतो. बाबा म्हणाले, थांबव. मी थांबवलं. ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, अरे आरोपी हजर होत होता. आम्ही एकेका आरोपीसाठी महिना महिना एसटी स्टँडवर काढलाय, लग्नं-बारशी सोडलीयेत घरची, आणि हा दारातून उचलून नेतो! मी म्हटलं बाबा तुरुंगात जाऊन तो आरामात राहिला असता, सू-ह्यूनला तेच नको होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले की त्या पोलिसांमध्ये त्याच्या पोलिसातून रिटायर झालेल्या सासऱ्याच्या हाताखाली तयार झालेली पोरं असतील, त्यांचं तोंड आठव.

मग लाव म्हणाले, पूर्ण बघितला. दार उघडलं की मानेवर पातं पडेल अशा यंत्रात क्यूंग-चुलला बांधून ठेवलाय, तो सांगतोय की मला दुखणं माहीतच नाही, तू कधीच हरलायस, आणि मग दार उघडलं जातं त्याच्याच म्हाताऱ्या आईबापाच्या आणि पोराच्या हातून, आणि पातं पडतं. सू-ह्यून रस्त्याने एकटा चालत जातो, रडत. मला वाटलं बाबा ह्यावर काहीतरी बोलतील पण ते सरळ झोपायला गेले.

सकाळी चहा घेताना कप खाली ठेवून विचारलं, त्या खुन्याचा मुलगा केवढा होता रे? मी म्हटलं लहान आहे, शाळेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दार त्याच्यासमोर उघडलं.