शब्दचर्चा: इंजिनाच्या काट्यांवर देखरेख, लक्ष की नजर?

प्रश्न: सेसना १७२ हे छोटं विमान चालवायला शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं काढतोय. 'इन्स्ट्रुमेंट मॉनिटर करणे' याला 'उपकरणांवर देखरेख ठेवणे' लिहिलं, पण कानाला खटकतंय. काय लिहावं?

उत्तर १: खटकणारच. देखरेख बांधकामावर असते, मजुरांवर असते. 'उपकरण'ही मोघम, त्यात स्टेथोस्कोपही आला. सरळ 'काट्यांवर लक्ष ठेवणे' लिहा.

उत्तर २: 'लक्ष ठेवणे'ला माझी हरकत आहे. हवा स्वच्छ असताना वैमानिकाचं लक्ष बाहेरच हवं, काट्यांवरून मधूनमधून नजर फिरवायची. म्हणून 'नजर फिरवणे'. अपवाद एकच: इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाकडे टक लावून बघायचं. उन्हाळ्यात ३० सेकंदांत काटा हललाच नाही, तर इंजिन बंद.

प्रश्नकर्ता: पण स्क्रीनवाल्या नव्या विमानात काटे कुठे असतात?

उत्तर १: वाण्याचा वजनकाटा आता नुसते आकडे दाखवतो, तरी काटाच ना!

उत्तर ३: नुसती नजर फिरवून भागत नाही, 'ताडून पाहणे' हवंच. तेलाचा दाब पडला पण तेलाचं तापमान जागचं हललं नाही, तर दोष बहुधा मापकाचा किंवा त्याच्या जोडणीचा. तरी जवळच्या विमानतळावर उतरून तपासायचं. दाब पडतोय आणि तापमान चढतंय, तर मात्र इंजिन केव्हाही दगा देईल. पॉवर कमी करून उतरायला मोकळं रान शोधायला लागा. एकटा काटा अर्धंच सांगतो.

क्रियापदंही जपून वापरा. कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनात हवा आणि इंधन मिसळणारा भाग) बर्फ धरायला लागला की आरपीएम (मिनिटाला फेरे) 'पडत' नाहीत, 'उतरत जातात', इतके हळू की हात आपसूक थ्रॉटल (पॉवर वाढवायची मूठ) पुढे सारतो आणि बर्फ लपून राहतो. हे १७२सारख्या स्थिर पात्यांच्या पंख्याचं. पात्यांचा कोन आपोआप बदलणारा पंखा असेल तर त्याचा नियंत्रक (गव्हर्नर) आरपीएम धरून ठेवतो, उतरतो तो मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा काटा. आणि कृपा करून 'बहुमुखी नळी-दाब' वगैरे करू नका, मॅनिफोल्ड प्रेशरच राहू द्या.

प्रश्नकर्ता: मग असं करतो: 'उड्डाणात इंजिनाच्या काट्यांवरून वरचेवर नजर फिरवावी आणि एखादा काटा हिरवा (नेहमीच्या मर्यादेचा) पट्टा सोडू लागला, तर बाकीच्यांशी ताडून पाहावं.'

उत्तर २: 'सोडू लागला' आवडलं. सोडल्यावर बघण्यात काय अर्थ!