स्काडाचे सगळे पीसी एका सर्व्हरवर व्हीएम करून टाकायचेत, कितपत शहाणपणाचं?

प्रोसेसबाबू
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमच्या कंट्रोल रूममध्ये स्काडाचे (प्लांट स्क्रीनवर दाखवणारी आणि तिथून चालवता येणारी सिस्टिम) सध्या ११ पीसी आहेत. दोन स्काडा सर्व्हर (एक चालू एक स्टँडबाय), चार ऑपरेटर स्टेशन, एक इंजिनिअरिंग स्टेशन, एक हिस्टोरियन (प्लांटचा जुना डेटा साठवणारा), एक ओपीसी गेटवे (वेगवेगळ्या उपकरणांचा डेटा स्काडाला देणारा), एक अँटिव्हायरस आणि पॅचचं मशीन, आणि कोपऱ्यात एक एक्सपीवालं ज्यात जुन्या बॉयलर पीएलसीचं (मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर आहे, ते कुणी हलवतही नाही कारण हललं तर परत चालू होईल याची खात्री कुणालाच नाही. बाकीच्यांवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून वरून फर्मान आलंय की एक तगडा सर्व्हर घ्या आणि सगळं त्यात व्हीएम (एका सर्व्हरमध्ये चालणारी आभासी मशीनं) करून कोंबा, वीज पण वाचेल जागा पण.

माझ्या शंका: एक सर्व्हर चालेल का, स्काडाचं लायसन्स यूएसबी डोंगलवर (लायसन्सची यूएसबी किल्ली) आहे आणि ओपीसी गेटवेत एक सिरीयल कार्ड आहे त्याचं काय करायचं, आणि ऑपरेटर स्टेशन पण व्हीएम करायची का?

लूपट्यूनर
एकच सर्व्हर नको. आधी हे ठरवा, मग पुढचं बोलू.

आज एक पीसी मेला तर एकच काम अडतं. उद्या तो एक सर्व्हर मेला तर अकराच्या अकरा गेले. पीएलसी चालू राहील, कंट्रोल लूप पीएलसीमध्येच चालतात, स्क्रीन काळी झाली म्हणून व्हॉल्व्ह जागेवर थांबत नाहीत हे बरोबर, पण ऑपरेटरला काही दिसत नाही, अलार्म नाही, ट्रेंड नाही, सेटपॉइंट बदलता येत नाही, अशा वेळी तो काय करेल? प्लांट हाताने खाली घेईल, आणि घ्यायलाच पाहिजे.

म्हणून कमीत कमी दोन होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर). आणि सगळ्यात जास्त दिसणारी गंमत सांगतो, लोक दोन होस्ट घेतात आणि मग चालू आणि स्टँडबाय दोन्ही स्काडा व्हीएम एकाच होस्टवर सापडतात, कारण कधीतरी मेंटेनन्सला हलवल्या आणि परत नेल्याच नाहीत. या दोन व्हीएम कधीही एकत्र येऊ नयेत असा नियम हायपरव्हायजरमध्येच (होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) लावता येतो, तो लावा.

शिवाय विंडोज १० चं बघा, साधं आहे का एलटीएससी (जास्त वर्षं पॅच मिळणारी आवृत्ती)? २०१९ च्या एलटीएससीला जानेवारी २०२९ पर्यंत पॅच मिळतात. इंडस्ट्रियल पीसीबरोबर बऱ्याचदा तेच येतं. घाईचं अर्धं कारण कदाचित तिथेच संपेल.

सर्व्हररूम
मी आयटीवाला, त्यामुळे वेगळं मत. एवढं घाबरण्यासारखं काही नाहीये, तीन होस्ट, एक शेअर्ड स्टोरेज (तिघांची सामाईक डिस्क), हाय अव्हेलेबिलिटी चालू. एक होस्ट पडला की व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठतात. मग स्टँडबाय स्काडा सर्व्हर हवाच कशाला, तेवढं लायसन्स वाचेल.

लूपट्यूनर
@सर्व्हररूम नाही हो साहेब, इथेच आयटी आणि ओटीची (प्लांट कंट्रोलवाल्यांची) फारकत होते. हाय अव्हेलेबिलिटीत व्हीएम "आपोआप उठते" म्हणजे दुसऱ्या होस्टवर पहिल्यापासून बूट होते. होस्ट गेलाय हे कळायला वेळ, मग विंडोज उठणार, मग डेटाबेस, मग स्काडाच्या सर्व्हिसेस, मग ड्रायव्हर एकेका पीएलसीला जोडणार, म्हणजे काही मिनिटं गेली. स्काडाची स्वतःची रिडंडन्सी (चालू-स्टँडबाय जोडी) हेच काम सेकंदांत करते कारण स्टँडबाय आधीपासून जागा असतो. मेलसाठी पाच मिनिटं ठीक आहेत, ट्रिप (प्लांट अचानक बंद पडणं) चालू असताना पाच मिनिटं म्हणजे फार झाली. हिस्टोरियन, पॅच सर्व्हर यांना हाय अव्हेलेबिलिटी बिनधास्त लावा, तिथे ती खरंच कामाची आहे.

आणि ते शेअर्ड स्टोरेज म्हणजे तीन होस्टच्या खाली ठेवलेला परत एकच डबा. त्याचं फर्मवेअर फसलं की तिन्ही होस्ट नुसते फॅन फिरवत बसतात. छोट्या सिस्टिमला मी तरी प्रत्येक होस्टमध्ये लोकल डिस्क रेडमध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी जोडणी) टाकतो आणि स्काडाची जोडी दोन होस्टवर वाटतो.

सर्व्हररूम
स्टोरेजचा मुद्दा मान्य, ड्युअल कंट्रोलर असला तरी डबा एकच. पण मग लाईव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) पण सोडायचं का? शटडाऊन न घेता होस्ट पॅच करता येतो, तो फायदा मोठा आहे. बाकी साइझिंगला (सर्व्हर किती ताकदीचा घ्यायचा) मी नेहमी सरासरी लोड बघतो, ११ मशीनं मिळून १० टक्के पण सीपीयू खात नसतील.

ट्रेंडबघ्या
मायग्रेशन सोडू नका, ऑटोमॅटिक सोडा. लोड बघून हायपरव्हायजर स्वतःच व्हीएम इकडे तिकडे हलवतो ते बंद, हलवायची तर माणसाने, ऑपरेटरला सांगून. कारण हलवताना शेवटच्या टप्प्यात व्हीएम क्षणभर गोठते. एरवी कुणाला कळत पण नाही, पण स्काडाच्या जोडीत हार्टबीटचा (एकमेकांना "मी चालू आहे" असा सिग्नल) टाइमआउट कडक ठेवलेला असेल तर स्टँडबायला वाटतं मालक गेला, आणि तो ताबा घेतो. स्नॅपशॉटचं (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं) पण तेच, खास करून मेमरीसकट घेतला तर. एका ठिकाणी रोज पहाटे ठराविक वेळेला स्काडा स्विचओव्हर व्हायचा, सगळे नेटवर्क स्विच तपासत बसले होते, आणि निघालं काय तर बॅकअप सॉफ्टवेअर त्या वेळी स्नॅपशॉट घेत होतं.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही हे पण लिहून ठेवतो. अपग्रेडच्या आधी घ्या, नीट चाललं की लगेच काढून टाका. तसाच ठेवला तर फाइल फुगत जाते, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइलींची डिस्क) भरतो आणि मग त्यावरच्या सगळ्याच व्हीएम अडकतात. हिस्टोरियनवर तर अजिबात विसरू नका, तो सतत लिहीत असतो.

आता साइझिंग, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरासरीवर जाऊ नका. ऑफिसमधली मशीनं वेगवेगळ्या वेळी दमतात म्हणून दहाची पंधराची बेरीज एका होस्टवर मावते, एकाची गर्दी तेव्हा दुसरा मोकळा. प्लांटमध्ये तसं नसतं. प्लांट शांत असतो तेव्हा सगळीच मशीनं झोपलेली, आणि ट्रिप झाली की सगळी एकाच सेकंदाला उठतात, अलार्मचा पाऊस पडतो, स्काडा सर्व्हर तो लिहितो, हिस्टोरियन सगळे टॅग (प्लांटमधले सिग्नल) घेतो कारण सगळंच बदलतंय, चारही ऑपरेटर एकदम ट्रेंड उघडतात, कुणीतरी इंजिनिअरिंग स्टेशनवरून लॉजिक ऑनलाइन बघायला जातो. म्हणजे पीक सगळ्यांचा एकत्र येतो आणि नेमका त्याच वेळी येतो जेव्हा स्क्रीन अडकलेली परवडत नाही. त्यामुळे मेमरी पूर्ण रिझर्व्ह करा, असेल त्यापेक्षा जास्त वाटू नका, स्काडा व्हीएमला सीपीयू रिझर्व्हेशन द्या, हिस्टोरियनची डिस्क वेगळी ठेवा. आणि एक होस्ट बंद असताना उरलेल्यावर जे चालायला हवं ते अशा गर्दीत चालतं का ते बघा. शक्य असेल तर सिम्युलेटेड टॅग एकदम हलवून टेस्ट करा, एफएटीमध्येच (माल येण्याआधी पुरवठादाराकडे होणारी टेस्ट) करून घेतलं तर उत्तम.

आरएसवाला
डोंगल आणि सिरीयलवर कुणी बोलेना म्हणून मी बोलतो.

डोंगल होस्टच्या यूएसबीला लावून व्हीएमला पासथ्रू (थेट जोडून) देता येतो, पण मग तो होस्ट गेला की लायसन्स पण गेलं, व्हीएम दुसरीकडे उठून उपयोग काय. दोन मार्ग आहेत. स्काडाच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर लायसन्स मागा, बरेच जण बदलून देतात. नाहीतर यूएसबी नेटवर्कवर नेणारा डबा, डिजीचा एनीवेअरयूएसबी वगैरे. रिडंडंट जोडीला दोन डोंगल असतील तर दोन वेगळे डबे, दोन वेगळे पॉवर सप्लाय. सॉफ्टवेअर लायसन्स मॅक अॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाचा नंबर) बांधलेलं असेल तर व्हीएमला मॅक हाताने द्या.

सिरीयल कार्ड सोडून द्या. सिरीयल डिव्हाइस सर्व्हर लावा, मोक्सा एनपोर्ट किंवा तसलाच, व्हीएममध्ये त्याचा ड्रायव्हर टाकला की कॉम पोर्ट दिसतो. पण मोडबस आरटीयू (सिरीयल तारेवरची उपकरणांची भाषा) असेल तर सावध. त्यात फ्रेम (एक संदेश) संपली हे ३.५ कॅरेक्टरच्या शांततेवरून ओळखतात, ९६०० बॉडला ते साधारण ४ मिलिसेकंद होतात. इथरनेटवरून जाताना फ्रेमचे दोन तुकडे झाले आणि मध्ये जास्त गॅप पडला की समोरचा डिव्हाइस ती फ्रेम फेकून देतो, आणि मग कधी चालतं कधी नाही असला वैताग. त्यापेक्षा मोडबस टीसीपी (तीच भाषा, इथरनेटवर) ते आरटीयू करणारा गेटवे घ्या, टायमिंग तो सांभाळतो, व्हीएमला कॉम पोर्ट लागतच नाही. टाइमआउट थोडा वाढवा, झालं.

एक्सपीबद्दल. त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच गेलाय, पण मशीन मरायच्या आत त्याला व्हीएममध्ये घेणं हेच मला तुमच्या यादीतलं सगळ्यात तातडीचं काम वाटतं, बाकीचं मागून करा. आधी डिस्कची इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा. व्हीएम पहिल्यांदा उठवल्यावर निळी स्क्रीन आली तर घाबरू नका, बहुतेक डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो, व्हर्च्युअल डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीची) म्हणून द्या. नेटवर्क कार्डाला जुना आयपी देताना "हा दुसऱ्या अॅडॉप्टरला दिलाय" असं म्हणेल, ते जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेलं असतं, लपलेली डिव्हाइसेस दाखवून काढा. ओईएम (पीसीबरोबरच आलेलं) विंडोज असेल तर अॅक्टिव्हेशन परत मागेल. आणि त्या व्हीएमचं नेटवर्क एरवी तोडलेलं ठेवा, काम असेल तेव्हाच जोडा.

प्रोसेसबाबू
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक्सपीची इमेज उद्याच काढायला लावतो. ऑपरेटर स्टेशनचं कुणी सांगेल का? आणि सिक्युरिटीवाले म्हणतायत व्हीएम म्हणजे जास्त सुरक्षित, खरं का?

लूपट्यूनर
ऑपरेटर स्टेशन व्हीएम + थिन क्लायंट (व्हीएमची फक्त स्क्रीन दाखवणारा छोटा डबा) मस्त चालतं, थिन क्लायंट बिघडला तर दुसरा लावा, दहा मिनिटांचं काम. फक्त आधी बघा तुमचा स्काडा क्लायंट रिमोट सेशनमध्ये चालवायला कंपनीची हरकत नाही ना, चार मॉनिटर जोडता येतात का आणि अलार्मचा भोंगा थिन क्लायंटवर वाजतो का (हा शेवटी लक्षात येतो आणि मग धावपळ). चारही व्हीएम करू नका. एक ऑपरेटर स्टेशन खरा पीसी राहू दे, त्याला व्हर्च्युअल काहीही लागता कामा नये, जमलं तर थेट पीएलसीशी बोलणारा. कुणी कितीही हसलं तरी.

फायरवॉलदादा
सिक्युरिटी: जास्त पण नाही कमी पण नाही, धोक्याची जागा बदलते. आधी ११ मशीनं फोडावी लागायची, आता हायपरव्हायजरचा पासवर्ड मिळाला की सगळी एकदम मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्स नावाचं रॅन्समवेअर पसरलं होतं, ते व्हीएमच्या आत गेलंच नाही, थेट ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) होस्टवर बसून व्हीएमच्या फाइली एन्क्रिप्ट करत होतं, तेही इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या जुन्या होस्टवर. आतला अँटिव्हायरस तिथे काय करणार?

म्हणून होस्टचं मॅनेजमेंट नेटवर्क वेगळं, ऑफिसच्या डोमेनला (लॉगिनची सामाईक व्यवस्था) जोडू नका, बॅकअपची एक कॉपी तारेवरून सुटलेली. डीएमझेडमधल्या (ऑफिस आणि प्लांटमधलं मधलं नेटवर्क) व्हीएम आणि कंट्रोल नेटवर्कच्या व्हीएम एकाच होस्टवर नकोत, व्हीलॅनने (एकाच नेटवर्कचे आभासी भाग) वेगळ्या आहेत म्हणून समाधान मानू नका. आणि हायपरव्हायजर कुठला ते स्काडाच्या कंपनीला विचारून घ्या, ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमची लायसन्स विकणं बंद केलं, त्यामुळे लोक हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स बघतायत, पण कंपनीने सर्टिफाय केलेलं नसेल तर अडचणीच्या वेळी फोन उचलून पहिलं वाक्य तेच ऐकवतात.

ट्रेंडबघ्या
वेळेचं राहिलं. प्रत्येक व्हीएमने वेळ प्लांटच्या एनटीपी क्लॉककडूनच (नेटवर्कवर वेळ देणारं घड्याळ) घ्यावी, होस्टकडून घेणं बंद करा, दोघं मिळून घड्याळ ओढायला लागले की अलार्मचा क्रम उलटासुलटा दिसतो. व्हीएमवेअर टूल्समध्ये टिक काढली तरी स्नॅपशॉट किंवा मायग्रेशननंतर तो एकदा वेळ लावतोच, त्याच्या सेटिंग वेगळ्या आहेत, त्या पण बंद करा.

प्रोसेसबाबू
ठरलं मग. दोन होस्ट लोकल डिस्कवाले, स्काडाची जोडी वाटून, तीन ऑपरेटर थिन क्लायंट, एक खरा पीसी, डोंगलऐवजी सॉफ्टवेअर लायसन्स मिळतंय का बघतो. वरच्यांना दोन होस्टची किंमत पटवणं माझं काम. अजून काही राहिलंय?

सर्व्हररूम
एक, माझ्या बाजूने. पूर्ण ब्लॅकआउट, यूपीएस पण संपला, मग वीज आली. काय आधी उठणार? डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) व्हीएममध्ये असेल तर तो उठल्याशिवाय कुणाला लॉगिन नाही, होस्ट डोमेनला जोडलेला असेल तर त्याच्यातच शिरता येत नाही, आणि थिन क्लायंट उठवणारा सर्व्हर पण आतच. ऑटोस्टार्टचा क्रम लावा: डोमेन कंट्रोलर, मग स्काडा, मग ऑपरेटर, शेवटी हिस्टोरियन आणि बाकी. होस्टचं लोकल खातं, आयपी आणि हा क्रम कागदावर छापून पॅनलच्या दारात आतून चिकटवा. आणि कमिशनिंगच्या वेळी खरंच मेन स्विच पाडून एकदा बघा, नाईट शिफ्टच्या ऑपरेटरला समोर बसवून.

लूपट्यूनर
@सर्व्हररूम हे बरोबर. फक्त तो खरा पीसी डोमेनमध्ये घालू नका, लोकल लॉगिनच ठेवा.