'औषध निघालं', 'औषध आलं' आणि 'बरा झाला' : नक्की काय म्हणायचं?

शब्दांचाच प्रश्न आहे पण जरा पाल्हाळ लागेल, चालवून घ्या. जून २०२२ मध्ये माझ्या मावशीची केमो चालू होती, ब्रेस्ट कॅन्सर. आणि एका दिवसात आमच्या घरच्या ग्रुपवर चार जणांनी एकच बातमी टाकली, कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं, १२ पैकी १२ पेशंट खडखडीत बरे. मावशीने मला फोन करून विचारलं, अगं मग माझ्या उरलेल्या तीन सायकल कशाला घ्यायच्या, थांबू का थोडी? पोटात गोळा आला माझ्या. बातमी खोटी नव्हती हो. औषध डोस्टारलिमॅब, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ट्रायल झालेली, पण पेशंट सगळे गुदाशयाच्या कॅन्सरचे, त्यातही ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते फक्त तेच, म्हणजे त्या कॅन्सरच्या शंभरात पाचदहा जण. आणि संशोधकांच्या मूळ पेपरात 'बरे झाले' असं म्हटलेलंच नव्हतं. सहा महिने औषध दिल्यावर एमआरआय, पेट स्कॅन, दुर्बीण, बायोप्सी कशातच गाठ दिसत नाही, एवढंच. मग मराठीत याला काय म्हणावं? आणि 'रामबाण' हा शब्द कुणी आणला तिथे?

—

रामबाण म्हणजे न चुकणारा बाण, सोडला की लागलाच, हे सगळ्यांना माहितीये. पण गंमत बघा, रामायणात रामाच्या बाणाने रावणाचं डोकं उडतं आणि परत उगवतं, उडतं आणि परत उगवतं, शेवटी सारथी मातली आठवण करून देतो तेव्हा राम ब्रह्मास्त्र काढतो. म्हणजे कॅन्सरच्या बाबतीत शब्द चुकून बरोबरच बसलाय म्हणा की. 'जालीम'चंही तसंच, मूळचा अरबी, अर्थ क्रूर, जुलमी, आणि आपण 'जालीम उपाय' कौतुकाने म्हणतो. केमो घेतलेल्या माणसाला विचारा, मूळ अर्थ लगेच पटेल. 'अक्सीर इलाज' आता कोणी म्हणत नाही, आमचे आजोबा म्हणायचे, तोही अरबीच, इंग्रजीतला एलिक्झर तिथूनच गेलाय.

—

ताई, मी बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे, मला या बातम्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या तोंडून कळतात. कुणी 'शोध लागला' म्हणत नाही, म्हणतात 'त्याच्यावर औषध निघालंय म्हणे, तुमच्याकडे आलं का?' या दोन क्रियापदांत सगळं आलं बघा. निघालं म्हणजे कुठेतरी लॅबमध्ये, ट्रायलमध्ये, संशोधनाच्या पेपरात. आलं म्हणजे माझ्या रॅकवर. आणि मधे पाचदहा वर्षं जातात, कधी कधी निघालेलं येतच नाही. लोक मात्र दोन्ही एका दमात बोलतात आणि मग मी 'नाही आलं' म्हटलं की माझ्यावरच संशय, हे कंपनीवालेच येऊ देत नाहीत, तुमचे बाकीचे धंदे बसतील ना. आता याला काय उत्तर देणार, मी रक्तदाबाच्या गोळ्या विकतो.

बरं, निघालं आणि आलं सुद्धा, असंही होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची ती कार-टी थेरपी, नेक्सकार१९, ऑक्टोबर २०२३ ला परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती पवईत येऊन गेल्या. पण ती रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी आणि पेशंटच्याच पेशी काढून, बदलून परत द्यायच्या, म्हणजे रॅकवर यायची वस्तूच नाही. हे सांगेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं.

—

वरच्या भाऊंच्या दोन क्रियापदांत तिसरं घाला, 'परवडलं'. मी गडचिरोलीचा आहे जी. आमच्या इकडे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, घरोघरी. डिसेंबर २०२३ ला अमेरिकेत त्यावरच्या जीन एडिटिंगच्या (पेशीतलं जनुकच बदलायच्या) औषधाला, कॅसजेव्हीला, मंजुरी मिळाली तेव्हा आमच्या गावातल्या पोरांनी स्टेटस ठेवले, सिकलसेल आता बरा होतो. खरं आहे ते, पहिली पेशंट बाई व्हिक्टोरिया ग्रे, तिचे ते भयानक दुखण्याचे झटके थांबले. पण किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने १८ कोटीच्या वर. माझ्या बहिणीला सिकलसेलच्या नेहमीच्या, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तरी आम्ही खुश असतो. तिने स्टेटस बघितलं आणि म्हणाली, दादा आपल्यासाठी नाही निघालं ते. 'निघालं' बरोबर 'कोणासाठी' लागतं, हे तिने सांगितलं मला, व्याकरण न शिकता.

—

'लस' या शब्दावर पण बोला कुणीतरी. २०२४ मध्ये लेनाकापाविरची बातमी आली, दक्षिण आफ्रिका आणि युगांडात २१३४ मुली आणि बायकांना सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन दिलं आणि एकीलाही एचआयव्ही झाला नाही. आमच्या ऑफिसात लगेच 'एड्सची लस आली' आणि पाठोपाठ 'एड्स बरा होतो आता'. दोन्ही चूक. ते औषधच आहे, लस नाही, आणि इथे झालेला आजार बरा करत नाही, होऊ देत नाही. आपल्याकडे टोचलं की लस असं समीकरण आहे. उलट कॅन्सरची नवी लस म्हणून बातमी येते ती बहुतेक वेळा झालेल्या माणसाला द्यायची असते, तिथे लोक विचारतात लहान पोरांना कधी देणार? मूळ शब्द तर जखमेतून येतो तो पातळ द्राव, आजी म्हणायची ना, 'लस येतेय, पुसून घे'. १८०२ साली मुंबईत पहिल्यांदा देवी टोचल्या तेव्हा फोडातला तसला द्रावच वापरायचे, त्यावरून नाव पडलं असावं असं मला वाटतं.

—

माझ्या मूळ प्रश्नाकडे येते, गाठ दिसत नाही पण बरा झाला म्हणायचं नाही, त्याला काय? पेपरवाले 'कॅन्सर गायब' म्हणतात, ते मला जादूगाराच्या खेळासारखं वाटतं. 'मात केली' तर नकोच, मग ज्यांना जमली नाही ते काय हरले?

—

ताई, 'उतार' आहे की. तापाला उतार पडला म्हणतो आपण. ताप गेला असं नाही म्हणत, उतरलाय, उद्या परत चढूही शकतो, थर्मामीटर जवळ ठेवा. डॉक्टर ज्याला रेमिशन म्हणतात तेच ना हे?

—

उतार तापालाच बरा, कॅन्सरला कोण म्हणतं? आमच्याकडे 'फरक पडला' किंवा 'गुण आला' म्हणतात. आणि आजारात 'उतार' ऐकलं की म्हातारी माणसं उतारवय समजतील.

—

'गुण आला' मला नाही पटत, त्यात औषधाचं कौतुक आहे, आजार कुठे आहे ते कळत नाही. 'फरक' तर डोकेदुखीलाही पडतो.

—

मावशीला आत्ताच फोन करून विचारलं. सायकल तिने सगळ्या घेतल्या होत्या, डॉक्टरांनी तेव्हा अर्धा तास बसवून समजावलं म्हणून. गेल्या महिन्यातला स्कॅन स्वच्छ आहे. म्हटलं मावशी, लोक विचारतात तेव्हा तू काय सांगतेस, बरी झाले म्हणतेस का? म्हणाली, छे गं, मी म्हणते 'सध्या काही नाही'. उतार पडलाय म्हणशील का, तर म्हणाली, हो चालेल, पण शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणतील उतारा काढला होता का, कुठल्या तिठ्यावर ठेवला.