जुन्या ओम्नीत इलेक्ट्रिक किट बसवायचे आहे, बॅटरी कोणती घ्यावी?

अकोलेकर
माझ्याकडे २०१० ची ओम्नी आहे. इंजिन थकले आहे, परंतु सांगाडा आणि पत्रा उत्तम आहे. दुकानाचा माल पोहोचवण्यासाठी दिवसाला साधारण ४५ किलोमीटर फेरी होते आणि वेग ५० च्या वर क्वचितच जातो. गावातील एक कारागीर इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवून स्वस्तात गाडी करून देतो म्हणतो. हा मार्ग योग्य आहे का, की लिथियमच घ्यावे?

विद्युतयंत्री
आधी हिशेब करू. भरलेल्या ओम्नीला त्या वेगाने किलोमीटरला अंदाजे १२० वॉट-तास लागतात असे धरले, तर ४५ किलोमीटरला ५.४ युनिट लागतील. ९६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा लिथियम संच ९.६ युनिटांचा होतो. त्यातील ८० टक्केच वापरले तरी साठ-पासष्ट किलोमीटर सहज निघतात.

तेवढ्याच आकड्याच्या लेड-ॲसिडची गोष्ट निराळी आहे. तिची क्षमता २० तासांत रिकामी करण्याच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे ५ अँपिअरने मोजलेली असते, आणि ओम्नी ४५ च्या वेगाने पन्नासहून अधिक अँपिअर ओढते. त्यामुळे छापील क्षमतेचा मोठा भाग हाती लागत नाही. शिवाय रोज पूर्ण रिकामी केल्यास ती फार लवकर संपते. आठ बॅटऱ्यांचे वजन २४० किलोच्या घरात जाते, तेवढा माल कमी. हे स्वस्त नव्हे!

चार्जिंगप्रेमी
लिथियम घेणारच असाल तर एनएमसीचाही, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या लिथियम बॅटरीचाही विचार करावा. त्याच वजनात अधिक अंतर मिळते.

विद्युतयंत्री
अंतर मिळते हे खरे, पण अकोल्याच्या उन्हात आणि ४५ किलोमीटरच्या फेरीला त्याचा उपयोग काय? एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट, उष्णतेत अधिक स्थिर असते आणि चार्जिंगची आवर्तनेही जास्त सोसते. मात्र तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, प्रत्येक सेल ३.३ च्या आसपासच. त्यामुळे साध्या व्होल्टमीटरवरून चार्ज किती उरला ते कळत नाही. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा मीटर हवाच. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सर्व सेलचा चार्ज समान करण्याचे काम बहुधा चार्जच्या शेवटी करते, म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करावा. चौकोनी सेल असतील तर दोन्ही टोकांना पट्ट्या लावून आवळून बसवलेले आहेत ना, हे स्वतः पाहा.

कागदपत्रवाला
बॅटरीच्या चर्चेत मूळ अडचण राहून गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदीशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही. किट आपल्या मॉडेलसाठी एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने एआयएस-१२३ या मानकानुसार मंजूर केलेले असावे, ते किट-उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातच बसवावे आणि नंतर आरटीओत इंधनाची नोंद बदलून घ्यावी. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. तुमच्या गाडीला १५ वर्षे झालीच आहेत; नोंदणीचे नूतनीकरण आधी तपासा.

अकोलेकर
मनःपूर्वक आभार. कारागिराला मंजुरीचे प्रमाणपत्र मागितले, तर त्याने विषयच बदलला. आता ओम्नीसाठी मंजूर झालेले किट मिळते का ते शोधतो, आणि मिळाले तर एलएफपीचाच भाव काढतो.