मदत हवी आहे: ढग आले की सेन्सर गप्प, मॉडेलला शिकवू कसं?
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा (डाऊनी मिल्ड्यू, द्राक्षावरचा रोग) कधी येईल याचा अंदाज देणारं छोटं मॉडेल बनवतोय. तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं, एवढंच इनपुट, दर 15 मिनिटांनी.

अडचण अशी की डेटा नेमका नको तेव्हा गायब होतो. सलग ढगाळ हवेत सेन्सरची सोलरवरची बॅटरी उतरते, आणि केवडा पसरतो तोही त्याच दिवसांत. म्हणजे या रिकाम्या जागा योगायोगाच्या नाहीत. आधी तिथे सरासरी भरली, तर मॉडेलच्या लेखी ते दिवस कोरडे ठरले! आता एक्सजीबूस्ट (निर्णयवृक्षांवर, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवर चालणारी मशीन लर्निंगची पद्धत) वापरतोय. रिकामी नोंद निर्णयवृक्षाच्या कुठल्या फांदीकडे पाठवायची हे ते स्वतः शिकतं. पण उद्या मोठी बॅटरी बसवली की हे शिकलेलं उलटेल, ही भीती आहे.

दुसरा घोळ लेबलांचा, म्हणजे मॉडेलला शिकवायला दिलेल्या उत्तरांचा. वडिलांच्या वहीत "केवडा दिसला" अशी तारीख आहे, पण ती पानावर तेलकट डाग दिसल्याची. लागण त्याआधीच काही दिवस झालेली असते. शिवाय वेळेवर फवारणी झाली तिथे रोग आलाच नाही, आणि माझ्या डेटात ते दिवस "धोका नाही" म्हणून बसलेत.

ओलाव्याच्या जागा शेजारच्या पर्जन्यमापकावरून भरू, की "नोंद नाही" असा वेगळा रकाना ठेवू? फवारणीनंतरचे दिवस वगळू का? चाचणीत मुद्दाम ढगाळ तास पुसून बघितलेत का कुणी? प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. यंदा छाटणीआधी हे वडिलांच्या फोनवर द्यायचंय.