मेडिकल व्हिज्युअलायझेशनमध्ये एमएससी म्हणजे वर्ष वाया? मला अजिबात पटलेलं नाही

कंठनाडी

काल इथे रेंडरकर यांनी लिहिलं की मेडिकल व्हिज्युअलायझेशन (शरीराची थ्रीडी चित्रं आणि मॉडेल करणं) आणि ह्युमन अ‍ॅनॅटॉमी यात पोस्टग्रॅज्युएशन करणं म्हणजे वर्षही वाया आणि पैसेही, कारण सॉफ्टवेअर घरी बसून शिकता येतं, शरीराची तयार थ्रीडी मॉडेल विकत मिळतात, आणि अ‍ॅनॅटॉमीत आता नवीन काही उरलेलं नाही. त्याखाली सगळे 'सहमत' 'सहमत' करत सुटले म्हणून सविस्तर लिहितेय.

तयार मॉडेल म्हणताय ते तयार कोण करतं? सीटी स्कॅनचा डेटा घ्यायचा, थ्रेशोल्ड लावायचा (किती घनतेपासून पुढे हाड धरायचं ती मर्यादा), सेगमेंटेशन करायचं (हवा तो भाग वेगळा काढायचा), त्यावरून मेश, म्हणजे पृष्ठभागाची त्रिकोणी जाळी, काढायचा. मांडीचं हाड असेल तर कुणीही काढेल. आता डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत घ्या. ते हाड कागदासारखं पातळ, स्कॅनच्या एका व्हॉक्सेलमध्ये (सगळ्यात लहान ठोकळ्यात) हाडाबरोबर शेजारची हवाही मोजली जाते, त्यामुळे थ्रेशोल्ड लावला की मॉडेलमध्ये तिथे भोक पडतं. ज्याने खरी कवटी हातात घेतलेली नाही तो एक तर भोक तसंच ठेवतो, नाहीतर स्मूदिंग मारून पलीकडच्या एथमॉइड हाडाच्या पोकळ्यासुद्धा बुजवून टाकतो, आणि रेंडर इतकं सुंदर दिसतं की कुणाला शंका येत नाही.

नसांचं (म्हणजे नर्व्हचं) तर विचारूच नका. चेहऱ्याची नस कानापुढच्या पॅरॉटिड या लाळग्रंथीत शिरते आणि तिथेच फुटत जाऊन तिच्या पाच मुख्य शाखा होतात. नेहमीच्या सीटीत ग्रंथीच्या आत ती दिसत नाही, रेडिओलॉजिस्टसुद्धा शेजारच्या शिरेवरून तिचा अंदाज बांधतात. म्हणजे मॉडेलमधली ती नस कुणीतरी हाताने घातलेली आहे. ती घालणाऱ्याने एकदा तरी ग्रंथी सोलून नस मोकळी केलेली असावी एवढीच माझी अपेक्षा आहे.

आणि 'नवीन काही उरलेलं नाही' याला तर उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालंय. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९११ साली मेडिकल आर्टचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो मॅक्स ब्रोडेल यांच्या हाताखाली. हा माणूस चित्रकार, डॉक्टर नव्हे. मूत्रपिंडाची चित्रं काढायची म्हणून त्याने रक्तवाहिन्यांत रंग भरून त्यांचे साचे केले, आणि पुढच्या व मागच्या धमन्यांच्या हद्दी जिथे भिडतात ती कमी रक्ताची पट्टी त्याला सापडली. सर्जन आजही तिला ब्रोडेलची रेषा म्हणतात. ग्लासगोला आर्ट स्कूल आणि युनिव्हर्सिटी मिळून हा एमएससी चालवतात, एका बाजूला थ्रीडी आणि दुसऱ्या बाजूला विच्छेदन, ते याच कारणासाठी. दोन्ही एकाच डोक्यात असावं लागतं.

रेंडरकर

मूळ पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. मी स्टुडिओत माणसं निवडतो. माझ्यासमोर हे एमएससीवाले येतात तेव्हा प्रबंध जाडजूड असतो आणि कामाच्या नमुन्याच्या रीलमध्ये मेशची टोपोलॉजी, म्हणजे जाळीची मांडणी, बघवत नाही. सेगमेंटेशनमधून निघालेला लाखो त्रिकोणांचा गोळा तसाच युनिटी या गेम इंजिनात टाकतात, व्हीआर हेडसेटवर तो चालत नाही, मग रिटोपोलॉजी, म्हणजे जाळी हलकी करून नव्याने बांधणं, आम्ही करायची. एक जण तर स्नायूचा उगम कुठून होतो यावर आठवडाभर अडून बसला होता, आणि त्या शॉटमध्ये तो स्नायू त्वचेखाली होता, दिसणारच नव्हता!

अचूकता तपासायला क्लायंटकडे डॉक्टर असतोच. ते त्याचं काम आहे. माझ्या माणसाला लाइटिंग यायला हवं.

कंठनाडी

डॉक्टर तपासतो यावर तुमचा फार विश्वास दिसतोय म्हणून सांगते. एका कंपनीसाठी इम्प्लांटचं अ‍ॅनिमेशन झालं होतं, मी तिथे नंतर गेले. स्कॅनच्या फाइलमध्ये डावं-उजवं मोजायची पद्धत वेगळी आणि थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असते, आयात करताना अक्ष उलटा झाला की अख्खं शरीर आरशातलं होतं. त्या फिल्ममध्ये यकृत डावीकडे होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी इम्प्लांट नीट बसलंय का एवढंच पाहिलं, कारण त्यांना तेवढंच विचारलेलं होतं. यकृत कडेला अंधुक होतं, आणि लाइटिंग उत्तम होतं. ते लोकांसमोर गेलं.

त्वचेखालचा स्नायू दिसत नाही म्हणता, पण हात वळला की त्वचा कशावर हलते? त्याच स्नायूवर ना?

जुना डेमॉन्स्ट्रेटर

दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. मी आयुष्यभर विच्छेदन शिकवलं. माझी तक्रार या कोर्सबद्दल नाही, त्यातून जे बाहेर पडतं त्याच्या वापराबद्दल आहे. एक चकचकीत व्हर्च्युअल टेबल आलं की दुसऱ्याच वर्षी विच्छेदनाचे तास कमी होतात, हे मी स्वतः भोगलंय. वर सांगतात की विद्यार्थ्यांना स्क्रीन जास्त आवडते. आवडणारच! स्क्रीनवर फॅशिया (स्नायूंवरचं पातळ आवरण) नसतो, चरबी नसते, प्रत्येक शीर निळी आणि प्रत्येक धमनी लाल असते आणि सगळं पुस्तकात असतं तिथेच असतं.

मिशेल्स यांनी २०० शवांत यकृताच्या धमन्या तपासल्या तेव्हा पुस्तकी रचना जेमतेम ५५ टक्क्यांत मिळाली होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांत काहीतरी निराळं. तुमच्या मॉडेलमध्ये किती यकृतं आहेत? एकच. ते बघून शिकलेला मुलगा उद्या पित्ताशय काढायला उभा राहणार आहे, तेव्हा त्याचं काय होईल ते सांगा.

कंठनाडी

सर, तुमच्या याच मुद्द्यासाठी असे पदवीधर हवेत. पाच निरनिराळी यकृतं मॉडेल करायला पाहिजेत हे ज्याला कळतं तो या कोर्समधून येतो, घरबसल्या शिकलेला एकावरच थांबतो. तास कमी केले ते कॉलेजने, मॉडेल करणाऱ्याने नाही.

जुना डेमॉन्स्ट्रेटर

कमी केले ते मॉडेल दाखवूनच. पण ठीक आहे, पाच यकृतांचं मान्य. करून दाखवा, मग बोलू.

वारसदार

इतका वेळ वाचतेय. सगळे 'बॉडी', 'स्कॅन', 'डेटा' म्हणतायत, तो डेटा कुणाचा हे एकानेही विचारलेलं नाही.

व्हिजिबल ह्युमन प्रोजेक्ट, म्हणजे अख्ख्या मानवी शरीराच्या कापांचा अमेरिकन डिजिटल संग्रह, त्यातला पुरुष तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी वापरला असेल. १९९४ साली तो डेटा खुला झाला. गोठवलेलं शरीर मिलिमीटर-मिलिमीटरने खरवडत गेले आणि प्रत्येक थराचा फोटो घेतला. तो माणूस जोसेफ पॉल जर्निगन, टेक्ससमध्ये १९९३ साली मृत्युदंड झालेला कैदी. देहदानाच्या कागदावर सही त्याची होती, पण आपण जगभर कापांच्या रूपात फिरणार आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी स्त्रीचा डेटा आला, तिचं निदान नाव तरी जाहीर केलं नाही.

रेंडरकर

सही होती ना? मग कायदेशीर बाब संपली. त्या डेटावर एक अख्खी पिढी शिकली. आता काय, तीस वर्षांनी तो फेकून द्यायचा?

वारसदार

कायदेशीर आणि योग्य यात फरक आहे. माझ्या वडिलांनी देहदान केलं. फॉर्मवर 'शिक्षण व संशोधन' असे शब्द होते, ते वाचून त्यांनी सही केली, मी शेजारी होते. त्यांच्या मनात हातमोजे घातलेली मुलं होती. त्यांचा स्कॅन होईल, त्यातून चेहऱ्यासकट मॉडेल निघेल, ते कुणीतरी दुकानात विकायला ठेवेल आणि गेममध्ये प्रेत म्हणून वापरेल, हे त्या दोन शब्दांत बसतं का? मी संस्थेला विचारलं, स्कॅन करता का? उत्तरच आलं नाही. शव पुरता येतं, फाइल पुरता येत नाही.

रेंडरकर

तुमच्या भावना समजू शकतो, पण भावनेवर इंडस्ट्री चालत नाही. असं प्रत्येक गोष्टीत बघत बसलं तर शरीरशास्त्रातलं निम्मं ज्ञान जाळावं लागेल.

वारसदार

'भावना' म्हणून बाजूला सारू नका. माझे वडील तुमचं अ‍ॅसेट नाहीत.

जुना डेमॉन्स्ट्रेटर

रेंडरकर, जरा जपून. जाळायचं कुणीच म्हटलेलं नाही, आणि हा प्रश्न आमच्या विषयाला फार जवळून भिडलेला आहे. पर्नकॉफचा अ‍ॅटलास घ्या. पहिला खंड १९३७ चा, कर्ता व्हिएन्नातला कट्टर नाझी. त्याच्या चित्रकारांपैकी लेपियरने सहीत स्वस्तिक काढलेलं, पुढच्या आवृत्त्यांत ते पुसून टाकलं. व्हिएन्ना विद्यापीठाने पुढे चौकशी केली तेव्हा नाझी काळात त्या अ‍ॅनॅटॉमी विभागाकडे मृत्युदंड झालेल्यांचे किमान १३७७ देह आले होते असं निघालं. आणि नसांची तितकी बारीक चित्रं दुसरीकडे मिळत नाहीत म्हणून सर्जन ती बघत राहिले. मीही तो उघडलेला आहे. एका अवघड केसच्या आदल्या संध्याकाळी एका सर्जनने मागितला, मी दिला, आणि आजही देईन, कारण समोर जिवंत पेशंट होता. मात्र देताना तो कुठून आलाय हे सांगितलं. व्हिएन्ना प्रोटोकॉल म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं नंतर तयार झाली तीही साधारण हेच सांगतात, की जीव वाचवायला वापरा पण उगम लपवू नका.

रेंडरकर

तुम्ही वापरलं तर पेशंटसाठी आणि आम्ही वापरलं तर धंद्यासाठी, असंच ना? तुमचा पगार काय आकाशातून पडत होता? हे सोवळेपण मला झेपत नाही.

कंठनाडी

रेंडरकर, आवाज खाली. सरांनी वापरलं हे लपवलं नाही, फरक तिथे आहे. तुमच्या स्टुडिओतल्या एका तरी मॉडेलच्या फाइलवर लिहिलंय का की मूळ स्कॅन कुणाचा आणि कोणत्या परवानगीने?

मला वाटतं वारसदार यांच्या प्रश्नानेच मूळ वादाचं उत्तर दिलंय. सॉफ्टवेअर घरी शिकता येतं, मान्य. पण टेबलावरच्या माणसाने स्वतःला दिलंय याची जाणीव ट्युटोरियलमधून येत नाही. विच्छेदनाच्या हॉलमध्ये फोटो काढू देत नाहीत तेव्हा आधी राग येतो, मग कळतं का ते. ज्याच्या हातून पुढे हजारो लोक शरीर बघणार आहेत त्याने त्या हॉलमध्ये उभं राहिलंच पाहिजे.

रेंडरकर

नाही, लिहिलेलं नाही. कुणाच्याच फाइलवर नसतं. विकत घेताना लायसन्स मिळतं, मूळ देहाची माहिती मिळत नाही. ती मागितली पाहिजे, एवढं घ्या माझ्याकडून.

बाकी मत तेच. ज्याला सर्जिकल प्लॅनिंग किंवा शिकवण्याचं साहित्य करायचंय त्याने एमएससी करावी, नाही म्हणत नाही. औषधाची तीस सेकंदांची जाहिरात करणाऱ्याला ती लागत नाही. आणि वारसदार, 'इंडस्ट्री चालत नाही' हे वाक्य मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

वारसदार

वाक्याबद्दल ठीक. मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडत राहणार.

प्रवेशोत्सुक

मध्ये बोलतोय, माफ करा. मी अर्ज भरायला बसलोय आणि हे वाचून हात थांबला. माझं शिक्षण डिझाइनचं, बायोलॉजी शाळेपुरतंच. घेतात का, आणि कोर्स चांगला की वाईट हे बाहेरून कळायचं कसं?

कंठनाडी

कलेकडून आणि विज्ञानाकडून दोन्हीकडून येतात, पण अट प्रत्येक ठिकाणची वेगळी, ती आधी वाचा. मग थेट विचारा की विच्छेदन स्वतःच्या हाताने करायला मिळतं की आधीच सोलून ठेवलेले नमुने फक्त बघायचे असतात. बऱ्याच ठिकाणी दुसरंच असतं आणि माहितीपत्रकात दोन्हीला एकच शब्द वापरतात. प्रोजेक्टला अ‍ॅनॅटॉमीचा आणि थ्रीडीचा असे दोन्ही गाइड मिळतात का तेही विचारा, एकच असेल तर दुसरी बाजू लंगडी राहते. आणि वारसदार यांचा प्रश्न तसाच्या तसा विचारा: देहदात्याच्या संमतीत स्कॅनिंग आहे का, आणि तो डेटा कोर्स संपल्यावर कुठे जातो.

रेंडरकर

आणि मागच्या बॅचचं काम रिअल-टाइममध्ये चालताना बघायला मागा. नुसती स्थिर चित्रं दाखवली तर समजून जा.

जुना डेमॉन्स्ट्रेटर

अर्ज भरा. पण जाण्याआधी हाडांचा एक संच मिळवून कवटी सगळ्या बाजूंनी पेन्सिलने काढा, रोज. तिथे पहिल्या आठवड्यात थ्रीडी येणारे पुष्कळ असतील, कवटीच्या तळातलं स्फिनॉइड हाड कुठे आहे ते सांगणारे कमी.